थंडीतलं तेल

“थंडीत हे तेल घट्ट होतं का हो, अयुबभाई?” हौसरावांनी पुन्हा तेच विचारलं.

अयुबच्या हातातला पाना क्षणभर थांबला. यवतला हायवेच्या कडेला त्याचं डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं. दर रविवारी सकाळी तिथं गाडीवेडी मंडळी जमायची. नोजल, फिल्टर, पंप यांच्या गप्पा दुपारपर्यंत चालायच्या. त्या घोळक्यात गाडी नसलेले एकटे हौसराव. केंदूरहून एसट्या बदलत ते यायचे, बाकड्याच्या टोकाला बसायचे आणि ऐकत राहायचे.

गाडी होती त्यांच्या मुलाची, इंद्रजीतची. रांजणगावच्या कंपनीतली शिफ्ट सुटली की त्याचा जीव त्या जुन्या जीपमध्ये असायचा. डिझेल महागलं तसं गाडी खाण्याच्या तेलावर चालवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि अयुबनं ते पुरं केलं. सीटखाली दुसरी टाकी बसवली. बन्सीच्या ढाब्यावरचं तळणाचं उरलेलं तेल फडक्यातून गाळून तिच्यात भरलं. जीप निघाली की मागं भज्यांचा वास सुटायचा आणि इंद्रजीत पोट धरून हसायचा.

गेल्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, भल्या सकाळी दौंडच्या पलीकडं एका बिनफाटकाच्या क्रॉसिंगवर ती जीप रेल्वेखाली सापडली. रुळांवरच बंद पडली म्हणे. इंद्रजीत जागच्या जागी गेला.

“घट्ट होतंच की,” बन्सी म्हणाला. “म्हणून तर डिझेलवर चालू करायची, इंजिन चांगलं तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची. व्हय ना, अयुबभाई?”

“व्हय,” अयुब मान वर न करता म्हणाला.

“आन् कॉक लवकर फिरवला तर?” हौसरावांनी खिशातून छोटी वही काढली.

“फिल्टर चोंदतो, आप्पा. गाडी आचके देती,” बन्सीनंच सांगितलं.

“बंद पडती?”

“पडती कवाकवा.”

हौसरावांनी ते सावकाश लिहून घेतलं. अयुब पुन्हा नट आवळू लागला.

अपघाताआधीच्या शेवटच्या रविवारी इंद्रजीतनं त्याला हेच विचारलं होतं. तेव्हा अयुब हसून म्हणाला होता, “आपल्याकडं कसली आलीय थंडी? दोन किलोमीटर झालं की बिनधास्त फिरव.” हे त्याच्याशिवाय फक्त त्याच्या बायकोला, सुफियाला ठाऊक होतं.

“म्हातारा तुमच्याच तोंडून काढून घ्यायला येतोय,” सुफिया म्हणायची. “सांगून टाका. वर्ष झालं, धड जेवला न्हाई तुम्ही.”

आज मंडळी पांगली तरी हौसराव बाकड्यावरून उठले नाहीत. अयुबनं हात पुसले आणि त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसला.

“आप्पा, कॉक लवकर फिरवायला मीच सांगितलं हुतं त्याला. तेल घट्ट झालं असंल. गाडी माझ्यामुळं बंद पडली. तुम्ही पोलिसांत चला म्हणलात तर येतो.”

तो थप्पड बसायची वाट पाहत राहिला. हौसरावांनी वही मिटली.

“माझ्या घरी येता?” ते म्हणाले. “त्याच्या आईला हे तुमच्या तोंडानं सांगा.”

अयुबनं आपली जीप काढली. केंदूरपर्यंत हौसराव वही मुठीत धरून बसले होते.

साखरबाई अंगणात तूर पाखडत होत्या. अयुब उभ्यानंच बोलला. कॉक, फिल्टर, थंडी. सूप मांडीवर तसंच धरून साखरबाई ऐकत राहिल्या.

“म्हंजी गाडी आपली आपण बंद पडली?”

“व्हय, मावशी.”

“मग उतरला का न्हाई त्यो? रेल्वे दिसली नसंल व्हय त्याला?”

अयुबनं हौसरावांकडं पाहिलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

“जीव हुता त्याचा गाडीवर,” अयुब म्हणाला. “पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसला असंल. आत्ता चालू हुईल, आत्ता चालू हुईल, असं. शेवटपर्यंत वाटलं असंल त्याला, निघू म्हणून.”

साखरबाईंनी सूप खाली ठेवलं. “निघायचं हुतं माझ्या लेकराला,” त्या पुटपुटल्या. मग पदर तोंडात कोंबून त्यांनी असा काही हंबरडा फोडला की शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. पुष्कळ वेळानं त्या शांत झाल्या. अयुबकडं न बघताच म्हणाल्या, “उपाशी जाऊ नका. चार घास खाऊन जावा.”

अयुबला ते चार घास शिव्यांपेक्षा जड गेले.

निघताना हौसराव जीपपर्यंत पोचवायला आले. खिडकीवर हात ठेवून उभे राहिले.

“वर्षभर रडली नव्हती ती,” ते म्हणाले. “रात्रंदिवस एकच. आपलं काय चुकलं, आपण त्याला काय बोललो, त्यो आपल्यावर रुसला हुता का. गावात लोक कुजबुजतात, ते तिच्या कानावर जायचं. मी सांगायचो, गाडीच बंद पडली. पण मला गाडीतलं काय कळतंय? माझ्यावर इस्वास बसंना तिचा. म्हणून तुमच्याकडं यायचो. सगळं नीट कळलं, तर पटवून देता येईल म्हणून.”

“आप्पा, मला माफ करा.”

“माफी मी मागायची, अयुबभाई. तुम्हाला नसता दोष अंगावर घेऊ दिला मी.” त्यांनी घराकडं एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “गाडी बंद पडली नव्हती, त्यानं केली हुती. दवाखान्यात मला त्याचे कपडे दिले, तवा जीपची किल्ली शर्टाच्या खिशात हुती. खिशाचं बटण लावलेलं.”