पदराची पिन

"एवढा मासा व्हता, हातातून सुटला!" म्हणत सुग्रीव दर रविवारी तळ्यावरून रिकामाच यायचा, अन् तीर्थपुरीच्या पारावरचे गडी माना डोलवायचे. एकदा त्याची बायको सत्यशीला पदराची सेफ्टी पिन वाकवून, दोऱ्याला बांधून, तिला कणकेची गोळी लावून तळ्यावर बसली. मोठा मासा लागला, अन् दोरा तोडून पिनेसकट पळाला. तिनं हात पसरून सांगितलं, तर पारावर हशा पिकला. सगळ्यात जास्त सुग्रीवच हसला.

पुढच्या रविवारी त्यानं खरंच हातभर मासा आणला. पारावर मिरवला, मग तिच्यापुढं कापायला टाकला. चिरताना जबड्यात तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. तशीच उठून ती पारावर चढली.

वाकडी पिन सगळ्यांपुढं धरून म्हणाली, "सुटलेला माझाच व्हता. ह्यांनी निस्ता घरी आणला."