ल्यूबोचं तळं

"हे दोन्ही एकाच वंशाचे आहेत, स्टानामावशी," तेओदोरा म्हणाली. ती विद्यापीठातून मासे तपासायला आली होती.

स्टानाने टेबलावर पाहिलं. एक मासा स्कादर सरोवरातला, रुंद पाठीचा. दुसरा घरामागच्या हौदातला, तिच्या भावाने, ब्लाझोने पाळलेल्यांपैकी. काटकुळा, बोटभर.

"काहीतरीच! आंधळ्यालाही फरक कळेल."

"तो फरक खाण्याचा. हौदात खुरटतो, सरोवरात तोच फुगतो. रंगरूपावर जाऊ नका, आम्ही जनुकं तपासलीत. सरोवरातली ही सगळी परकी जात तुमच्या हौदातून गेली."

"आणि ल्यूबोच्या तळ्यातली?"

"ती निराळी. तिचा सरोवराशी काही संबंधच नाही."

स्टानाने दोन्ही मासे पुन्हा शेजारी शेजारी ठेवले.

सव्वीस वर्षांपूर्वी हे मासे सरोवरात माजले आणि गावाच्या जाळ्यांतून जुना कार्प मासा नाहीसा झाला. ल्यूबोच्या तळ्यातले मासे असेच रुंद होते. रविवारी चर्चच्या अंगणात ब्लाझोने एक सरोवरातला आणि एक ल्यूबोच्या तळ्यातला असे दोन मासे उंच धरले. "बघा, पाठ बघा! पोट बघा! हे ल्यूबोनेच सोडले, अजून काय पुरावा हवा?" गाव ल्यूबोच्या अंगावर धावून गेलं. स्टानाचं आणि त्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. तिने सर्वांदेखत अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली. "स्टाना, तू तरी..." एवढंच तो म्हणाला. तिने पुढचं ऐकून घेतलं नाही. तो गाव सोडून गेला. ती भावाच्या घरी राहिली. त्याचा स्वयंपाक, त्याचे कपडे, त्याची जाळी, सगळं तिने केलं.

दार वाजलं. ब्लाझो वल्ही घेऊन आत आला.

"सरोवरात मासे तू सोडलेस?" स्टानाने विचारलं.

ब्लाझोने टेबलावरचे मासे पाहिले, तेओदोराकडे पाहिलं.

"चार-पाच टाकले होते. म्हटलं, वाढतील. इतके माजतील हे कुणाला ठाऊक?"

"मग ल्यूबोचं नाव का घेतलंस? गावाला घाबरलास?"

"गावाला कोण घाबरतंय!" त्याने वल्ही भिंतीला टेकवली आणि रोजच्या जागी जेवायला बसला. "आई नुकतीच गेली होती. तूही निघाली असतीस, तर मला करून कोणी घातलं असतं?"