ठिपक्यांतले आकडे

पुस्तिकेत सतरा चित्रं होती. प्रत्येक चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक वर्तुळ, आणि त्या ठिपक्यांत दडलेला एक आकडा. पहिल्या चित्रातला बारा कुणालाही वाचता येतो. अमरसिंहलाही येत होता. पुढच्या सोळांपैकी पाचांत त्याला भलताच आकडा दिसायचा आणि अकरांत नुसते ठिपके.

वर्षाराणीने पुस्तिकेचं मधलंच एक पान उघडून भावापुढे धरलं.

"चौऱ्याहत्तर," अमरसिंह म्हणाला.

"आणि हे?"

"सहा. त्याच्या पलीकडचं पंचेचाळीस. कडंच्या ठिपक्यांवरनं वळखतो मी आता."

सतराच्या सतरा बरोबर आले. वर्षाराणीला त्याचं समाधान वाटलं नाही. अमरसिंहला तांबडा आणि हिरवा वेगळे ओळखता येत नाहीत, हे गेल्या महिन्यात फौजभरतीच्या अकॅडमीत कळलं होतं. तोवर लेखी परीक्षा झाली होती, धावणं झालं होतं, उंची-छाती बसली होती. मेडिकल तेवढं राहिलं होतं, परवा, कोल्हापुरात. पुढच्या भरतीला त्याचं वय बसणार नव्हतं. तेव्हा तिनेच, ती बी.एस्सी. झाली त्या कॉलेजातून, ही पुस्तिका चार दिवसांसाठी मागून आणली होती.

"मेडिकल निघंल रे," ती म्हणाली. "म्होरं काय? तिथं सिग्नल दिसला न्हाई तर?"

"तिथं मला बंदूक धरायची हाय, ताई. रांगोळी घालायची न्हाई."

आई दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. पोरं अभ्यास करतात असं तिला इतका वेळ वाटत होतं.

"काय दिसत न्हाई ह्याला?"

मग वर्षाराणीनेच सांगितलं. "तांबडं आन् हिरवं त्याला सारखंच दिसतं. जन्मापासनं. रोग न्हाई त्यो. आईकडनं येतं ते."

"माझ्याकडनं? मला तर समदं दिसतंय की."

"बाईला दिसतं, आई. तिच्या पोराला दिसत न्हाई. न्हाईतर तिच्या भावाला..."

वर्षाराणी थांबली.

या घरात आईच्या भावाचा विषय निघत नसे. आकाराम मामा फौजेत होता. सव्वीस वर्षांपूर्वी गोळीबाराचा सराव चालू असताना तो हद्दीचा तांबडा झेंडा ओलांडून आत गेला आणि गोळी लागून मेला. झेंडा जागेवर होता, हिरव्यागार उतारावर, लांबून नजरेत भरेल असा. चौकशीत तसंच निघालं. गावात, नेसरीत, लोक म्हणाले, दिसत असून गेला म्हणजे मुद्दामच गेला. आईनेही तेच धरलं. त्याआधी आठ दिवस, शेताच्या वाटणीवरून, ती त्याला फोनवर म्हणाली होती, परत तोंड दावू नकोस.

आईच्या बोटांत शेंग तशीच राहिली. तिने मुलीला काही विचारलं नाही. मुलाकडे वळली.

"हिरव्या माळावर तांबडा झेंडा रोवलाय. तुला दिसंल?"

अमरसिंहने पुस्तिका मांडीवर ठेवली.

"जवळ गेल्यावर दिसंल."

आई अंगणाकडे बघत राहिली. वर्षाराणी तिच्याजवळ जाऊन बसली. आशा लावायची नाही, असं तिने ठरवलं होतं. "नक्की सांगता येत न्हाई, आई. तवाच्या भरतीत रंग नीट तपासले नसतीलबी, पर ह्याला हाय म्हणून मामाला असंलच असं न्हाई. फार तर निम्मी शक्यता."

"आकाराम मिरच्या तोडायला गेला की हिरव्याबी तोडून आणायचा," आई म्हणाली. "पिकल्याली तेवढी तोड म्हटलं तरी पाटीत निम्म्या हिरव्या. आमचं आबा लई हाणायचं त्याला. आळशी म्हणायचं. मीबी म्हणायची." तिने शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. "सव्वीस वर्सं समदा दोष मी पदरात घेतलाया. निम्मा उतरला तरी लई झालं."

अमरसिंहने पुस्तिका मिटली आणि पुन्हा उघडली.

"मग मी जाऊ नको म्हणतीस?"

"जा की. मी कशाला अडवू?" आईचा आवाज नेहमीसारखाच होता. "पर तिथं समदं बरोबर सांगितलंस, आन् उद्या कुठं असाच एखादा झेंडा वलांडलास, तर लोक काय म्हणतील ते मला इचार. पोराला दिसत होतं म्हणतील. सरकारी डाक्टरनं तपासल्यालं म्हणतील."

संध्याकाळी अमरसिंह रोजच्यासारखा धावायला गेला आणि रोजच्यापेक्षा उशिरा परतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापुरात वजन, दात, कान, गुडघे, तळपाय तपासून झाले. सगळं ठीक होतं. शेवटी डॉक्टरांनी टेबलावरची पुस्तिका त्याच्यासमोर सरकवली. तीच होती. कडेचे सगळे ठिपके ओळखीचे होते. "जो आकडा दिसेल तो सांग," डॉक्टर हिंदीत म्हणाले आणि एकेक पान उलटू लागले. अमरसिंह सरळ उभा राहिला आणि प्रत्येक पानाला स्पष्ट आवाजात उत्तर देत गेला.

सतरापैकी एक बरोबर.