मागची दोन चाकं

मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवली, चारही चाकं अधांतरी केली आणि इंजिन चालू करून गिअर टाकला. पुढची दोन चाकं गरागरा फिरू लागली. मागची दोन रुसलेल्या व्याह्यांसारखी ढिम्म.

"फोर व्हील लागत नाहीये," मिस्त्री म्हणाला. "मागे ताकदच जात नाही."

"अरेरे!" बापू म्हणाले. हे अरेरे ते सकाळपासून घोकत होते.

बाकड्यावर बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर केली. "आज होईल ना, मिस्त्री? उद्या सकाळी दादाकडे निघायचंय. शेवटचा चढ सगळा मातीचा आहे. पुढच्या दोन चाकांवर गाडी पहिल्याच वळणावरून मागे घसरते."

"घाई करू नका हं," बापू मिस्त्रीला म्हणाले. "सतरा वर्षांची गाडी. आतलंच काहीतरी झिजलं असेल. पार्ट मागवायला महिना लागला तरी आमची हरकत नाही."

"बापू, अजून नाडी धरली नाही, तोवर तुम्ही रडायला बसलात!"

बापूंना नाडी कुठे तुटली आहे ते ठाऊक होतं. फोर व्हीलचा फ्यूज त्यांच्या खिशात, चष्म्याच्या डबीत होता.

डोंगरावरच्या मेहुणेबुवांकडे दर वर्षी आठ दिवस जायचं, असा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. पहाटे पाचला उठून टेकडी चढायची. दुपारी मेहुण्यांच्या मूतखड्याची हकीकत ऐकायची, तीही प्रत्येक वर्षी नव्या तपशिलांसह. संध्याकाळी पत्ते. त्यात पिसायचे मेहुण्यांनी, वाटायचे मेहुण्यांनी आणि गुणही मांडायचे मेहुण्यांनीच. एकवीस वर्षांत बापू एकदाही जिंकले नव्हते.

'येत नाही' म्हणून सांगायची सोय नव्हती. बायकोच्या माहेरी दोन गोष्टी पाप होत्या: आपल्या माणसाला दुखवणं आणि खोटं बोलणं. लग्नानंतर दोन्ही नियम बापूंना लागू झाले. तेव्हा 'गाडी बिघडली' म्हणायचं, तर गाडी खरोखर बिघडायला हवी. मंगळवारी बापूंनी ती बिघडवली. हिशेब चोख होता.

मिस्त्रीने टायर पाहिले. चारही एका मापाचे. मागचं तेल पाहिलं, स्वच्छ. मग त्याने फ्यूजची पेटी उघडली आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"फ्यूज नाही."

"उडालाय?" बायकोने विचारलं.

"उडाला असता तर जळका तरी सापडला असता. इथे जागाच रिकामी आहे. कुणीतरी काढलाय."

बापूंच्या कानशिलावरून घाम ओघळला. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे.

"उंदीर असेल," ती शांतपणे म्हणाली.

"फ्यूज काढून झाकण परत लावणारा?"

"आमच्याकडचे उंदीर टापटिपीचे आहेत."

मिस्त्रीने नवा फ्यूज बसवला आणि पुन्हा गिअर टाकला. बापूंनी डोळे मिटून घेतले. त्यांना पहाटेची टेकडी दिसू लागली.

"अजून नाही!" मिस्त्री ओरडला.

बापूंनी डोळे उघडले. मागची चाकं जागची हलली नव्हती. आता मात्र त्यांनाच कळेना. फ्यूज तर बसला होता!

मिस्त्री टॉर्च घेऊन गाडीच्या पोटाखाली शिरला आणि हसतच बाहेर आला. "मागे ताकद पोचवणारा जो डबा आहे ना, त्याची वायर सोडवून ठेवलीय. आणि तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी. वर दोन पिळांचा रबर."

बापू वाकून बघायला गेले. फ्रीजमध्ये अर्धा कापलेला कांदा ज्या पिशवीत, ज्या रबराने, ज्या दोन पिळांनी बांधलेला असतो, तीच पिशवी, तोच रबर, तेच पीळ. बायकोने टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं वायरी जोडण्यात घालवली होती. आणि सोमवारी तिने आपण होऊन गाडी धुवायला नेली होती.

बापूंनी वळून पाहिलं. बायको पर्सची चेन लावत होती. मग उघडत होती. मग पुन्हा लावत होती.

"उंदीरच," बापू ठामपणे म्हणाले.

"शिकलेला दिसतोय," मिस्त्री म्हणाला आणि त्याने वायर जोडून टाकली.

चारही चाकं फिरली. गॅरेजमागच्या मातीच्या उंचवट्यावर गाडी एका दमात चढली. दुरुस्ती झाल्यावर एवढी उदास झालेली गिऱ्हाइकं मिस्त्रीने पाहिली नव्हती.

"तुझा सख्खा भाऊ ना गं?" बापू हळूच म्हणाले.

"म्हणूनच तर. त्या मूतखड्याच्या वेळी दवाखान्यात उशाशी मीच होते. तरी मलाच सांगतो."

"पुन्हा काढून ठेवू?"

"आता दोघांना माहीत आहे. आता काढलं तर ते खोटंच." तिने सुस्कारा टाकून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "दादा, गाडी ठणठणीत झाली. उद्या दुपारपर्यंत पोचतो."

पलीकडे थोडा वेळ नुसत्या धापा ऐकू आल्या.

"झाली?" दादा म्हणाले. "वा! वा... पण अगं, इथे पंचाईत आहे. दुसऱ्या वळणावर रस्त्याला आडवा चर आहे. चांगला कमरेएवढा. गाडी काही यायची नाही."

"अगंबाई! आणि हा कधी पडला?"

दादा पुन्हा धापा टाकू लागले. त्यांच्या मागून, जरा खोलातून आल्यासारखा, वहिनींचा आवाज आला:

"अहो, एवढा पुरे का, की त्यांची गाडी यातूनही चढेल?"