डावा हात

फळ्यावर लिहायला हात वर केला की हेमलताबाईंचा हात ठणकायचा आणि करंगळी बधिर व्हायची. चार वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते, आणि घरचे म्हणत, मनाचे खेळ आहेत. शेवटी डॉक्टरांनी त्यांना दुखणं वाचणाऱ्या शमीमकडे पाठवलं.

शमीमने एक पट्टा बाईंच्या दंडाला बांधला आणि तसाच दुसरा आपल्या डाव्या दंडाला. तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"तो आधीच्या पेशंटांत गेला," बाईंची नजर बघून ती म्हणाली. "आता हात वर धरून मूठ उघडा, मिटा."

बाईंचं दुखणं तिच्या हातात उतरलं तशी ती पांढरीफटक पडली.

"गळ्याच्या हाडाखाली, बरगडीशी नस दबतेय. खरंच दुखतंय हो, बाई."

हेमलताबाईंना रडूच आलं.

ऑपरेशनमध्ये ती बरगडी काढली आणि हात मोकळा झाला. दोन महिन्यांनी त्या पेढे घेऊन आल्या, तेव्हा शमीमचे दोन्ही हात मांडीवर पडले होते.

"करंगळी जागी झाली?" तिने विचारलं.

"झाली की."

"माझी नाही झाली अजून," शमीम म्हणाली, आणि पेढ्यासाठी तिने तोंड उघडलं.