विदर्भाचा स्वेटर

“स्वेटर नाही माझ्याकडे,” नीळकंठराव म्हणाले. “आमच्या विकेटकीपरनं ढापला. पंचावन्न वर्षं झाली. दर दिवाळीला फराळाला येतो, पण कबूल करत नाही.”

क्रिकेट संघटनेकडून आलेली मुलगी लिहिता लिहिता हसली. नागपुरात विदर्भाच्या रणजी संघाच्या इतिहासाचं दालन होणार होतं आणि जुन्या खेळाडूंच्या वस्तू ती घरोघर जाऊन गोळा करत होती. नीळकंठराव विदर्भाकडून तीनच सामने खेळले होते, पण त्या तिन्हींवर त्यांनी जन्मभर गप्पा मारल्या होत्या.

गिरिजाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात तान्ह्या बाळाचं लोकरीचं टोपडं होतं. पांढरं, कडेला दुरंगी पट्टा.

“अवो, त्या बिचाऱ्यावर आळ घेऊ नका,” त्या म्हणाल्या. “थोरली झाली तेव्हा थंडी कडाक्याची होती, अन् घरात लोकर म्हणजे तुमचा स्वेटर. मीच उसवला. विचारलं असतं तर दिला असता का?”

नीळकंठरावांनी पट्ट्यावरून अंगठा फिरवला. त्याच स्वेटरच्या गळ्याचा पट्टा.

“किती जणांनी घातलं हे?”

“आपली तीन लेकरं, चार नातवंडं.”

“म्हणजे माझ्यापेक्षा जास्त खेळलं.”

“आजोबा, हेच द्या ना,” मुलगी म्हणाली. “काचेच्या कपाटात ठेवू.”

त्यांनी टोपडं नीट घडी करून बायकोच्या हातात परत दिलं.

“आत्ताच नाही, बाळा. नातसुनेला आठवा महिना लागलाय. हे अजून संघात आहे.”