न चाखलेली आमटी

समोरच्या चांदोरकर काकू लॉकडाउन लागल्यापासून रोज गॅलरीत उभ्या राहून विषाणूला अथर्वशीर्ष ऐकवायच्या. जणू त्याला संस्कृत कळत होतं. मी खिडकी धाडकन लावून घ्यायचो.

मग मीच पॉझिटिव्ह निघालो. बुद्धिवादी मित्रांनी ग्रुपवर 'काळजी घे' टाकलं आणि गप्प बसले. दाराच्या कडीला रोज डबा अडकवायच्या त्या काकूच. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय त्या कुणाला वाढत नाहीत, आणि नैवेद्य चाखायचा नसतो म्हणून मीठ अंदाजाने घालतात. असला अडाणीपणा. माझ्या तोंडाला कशाचीच चव नव्हती म्हणून मी मुकाट गिळत होतो.

बाराव्या दिवशी पहिल्याच घासाला तोंड वाकडं झालं. मी तडक फोन लावला.

"काकू, आता तरी चाखून बघत जा. आमटी खारट झालीय, खारट."

पलीकडून त्यांनी काकांना मारलेली हाक ऐकू आली.

"अहो, ऐकलंत का, त्याला चव आली. देवापुढे साखर ठेवा."

एवढा शहाणा मी, पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती खारट आमटी मी वाटी चाटून संपवली.